जुलेखाआपा, यादी माझी होती

जुलेखाआपा, तुमच्या जियारतीच्या, म्हणजे तिसऱ्याच्या दिवशी मी पुन्हा तीच चूक केली. ती सांगायची तर आधीची सांगावी लागेल, आणि आधीची मी तुमच्यापासून सात महिने लपवून ठेवली होती. तुम्ही असतात तर "शबाना, फापटपसारा नको, मुद्द्यावर ये" म्हणाला असतात. येते. पण आज तुम्हांला मला मध्येच तोडता येणार नाही, तेव्हा जरा माझ्या चालीनं सांगते.

लोक भेटायला येतात आणि तुमच्याबद्दल इतकं गोड बोलतात की मला ओळखच पटत नाही. म्हणे आपांचा आवाज कधी चढला नाही! माझ्याशी भांडताना तो जुन्नरच्या निम्म्या बाजारात ऐकू जायचा, हे त्यांना कुठून कळणार? आणि भांडण कायम मराठीत. नमाजाला, कौतुकाला, मुलींना समजावायला तुमची उर्दू. माझ्यावर चिडलात की मात्र खणखणीत मराठी. म्हणून मीही हे मराठीतच लिहितेय. हे कौतुक नाही, आपलं राहिलेलं भांडण आहे.

आपल्या वर्गाबद्दल बाहेरच्यांची भलतीच समजूत. मशिदीमागच्या दोन खोल्या, दीन आणि दुनिया दोन्ही शिकवू शकतील अशा प्राथमिक शाळेच्या शिक्षिका घडवायचा दोन वर्षांचा अभ्यास, आणि सगळ्या मुसलमान बायका; म्हणजे सगळ्या एका साच्यातून काढलेल्या असणार, असं त्यांना वाटतं. त्यांनी एकदा आपल्या व्हरांड्यात डबे उघडताना येऊन बसावं. मशिदीतल्या हाफिजजींची मुलगी तस्नीम, जिची उर्दू ऐकून आपल्यालाच आपली लाज वाटायची. नारायणगावच्या बेकरीवाल्यांची सून, उत्तरेकडची, जिला आपलं जुन्नरचं बोलणं म्हणजे गंमत वाटायची. कुणाच्या घरी दर्ग्याला गेल्याशिवाय लग्न उरकत नाही, कुणाच्या घरी दर्ग्याचं नाव काढलं तर बाप जेवणावरून उठतो. आणि या सगळ्यांत पूजा, नारायणगावच्या मारवाडी कापडवाल्यांची सून, जैन. बायकांचा असा वर्ग जवळपास दुसरा नाही म्हणून जीपनं यायची. दीनियातच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला ती व्हरांड्यात बसून बालगीतांचे तक्ते रंगवायची. पूजाची मला एक दिवस अडचण झाली नाही. ती पाहुणी होती, आणि पाहुण्यांशी आम्ही सगळ्याच फार छान वागतो.

अडचण झाली ती रेश्माची, कारण ती आमचीच होती.

आठवतं, पहिल्या दिवशी पारगावहून आली ती? ओढणी डोक्यावर टिकेना, हातात हिरव्या बांगड्या. कुणीतरी विचारलं, "तुम मुसलमानच है ना?" तर म्हणाली, "हाय की. मुलान्याची हाय मी. गावच्या यात्रेत आमच्या आब्बाबिगर बोकडाला सुरी लागत न्हाई." सगळ्या हसल्या. मीही हसले, आपा, शिकवणारी असून. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिला विचारलंत की यात्रा कधी असते, आणि तारीख लिहून घेतलीत. मला तेव्हा तो तुमचा नखरा वाटला होता.

मग तुमच्या त्या चिठ्ठ्या. दर शनिवारी स्टीलच्या डब्यातून दोन-दोन नावं काढायची. एकीनं पुढच्या आठवड्यात मुलांसमोर सराव पाठ घ्यायचा, दुसरीनं मागं बसून निरीक्षणवहीत लिहायचं. आणि तुमचा नियम असा की आधी मुलं काय शिकली ते लिहा, मगच बाईचं काय चुकलं ते. मी तुमच्याशी किती वेळा वाद घातला! "आपा, हा काय मंडळाचा लकी ड्रॉ आहे? कच्ची कोण, पक्की कोण बघून जोड्या लावूया की." तुम्ही म्हणालात, "लाव. पण तू कुणाला कुणाशेजारी बसवशील हे मला आत्ताच ठाऊक आहे." मी फणकाऱ्यानं उठून गेले होते.

एका शनिवारी रेश्मा आणि तस्नीम अशी चिठ्ठी निघाली. तस्नीमचं तोंड उतरलं, ते तुम्हीही बघितलंत. रेश्माला पहिलीच्या मुलांना नमाजाआधीची वुजू शिकवायची होती. तिनं घरून दोन तांबे आणि एक परात आणली, आणि मुलांना अंगणात उकिडवं बसवलं. "आदी मनगटापत्तुर हात. मंग चूळ. मंग नाकात पानी, पन जोरात वढू नका, ठसका लागंल. पानी लई सांडू नका रं, अल्लाला बी पान्याची नासाडी आवडत न्हाई." मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तस्नीमची वही मोठ्यानं वाचून दाखवलीत. तिनं लिहिलं होतं, 'सगळी मुलं वुजू करायला शिकली. कुणालाही पुन्हा सांगावं लागलं नाही. शिक्षिकेची भाषा अशुद्ध.' वही मिटून तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

त्या दिवशी आपण भांडलो ते शेवटचं. मी म्हणाले, "उद्या हिला एखाद्या शाळेत उस्तानी म्हणून पाठवलं तर आईबाप काय म्हणतील? हिला साधं 'अस्सलामु अलैकुम' नीट म्हणता येत नाही." तुम्ही म्हणालात, "मुलं शिकली का?" मी म्हणाले, "शिकली, पण..." तुम्ही म्हणालात, "पणच्या पुढचं उद्या सांग." तो उद्या आलाच नाही. तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि तुमचे मिस्टर, आमचे भाईजान, तुम्हांला पुण्याला घेऊन गेले.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा वर्ग माझ्याकडं आला. हाफिजजी वर्ग चालवणाऱ्या ट्रस्टच्या ऑफिसात येऊन म्हणाले की त्यांच्या मुलीला इथं शिकायला पाठवलंय, गावठी बोलायला नाही. ट्रस्टचे लोक माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना सांगू शकले असते की आपा येईपर्यंत काही बदलणार नाही. नाही सांगितलं. मी चिठ्ठ्यांचा डबा कपाटात ठेवला आणि एक यादी केली. ज्यांना कुरआन सरळ वाचता येतं, उर्दू येते, त्या पुढच्या खोलीत. ज्यांना येत नाही त्या मागच्या; पूजाला हा नियम नव्हता. मागच्या खोलीत तिघीच होत्या, आणि त्यांना मी पाठ दिले ते रंगांची नावं, अंक, भाज्या. दीनियातचा एकही नाही.

आपा, तुम्हांला वाटेल मी हाफिजजींना घाबरले. तेवढंच असतं तर बरं होतं. खरी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. माझं माहेर पिंपळवंडीचं, हे तुम्हांला माहीत होतं. पण माझी आई अगदी रेश्मासारखी बोलायची, हे नव्हतं माहीत. मीही तशीच बोलायचे. लग्न होऊन जुन्नरला आले तेव्हा सासरी पहिल्याच जेवणाला माझ्या एका वाक्यावर सगळं दस्तरखान हसलं. नणंद अजून नक्कल करते. मी ती बोली जिभेवरून घासून घासून काढली, करपलेलं पातेलं घासावं तशी. आई मला भेटायला आली की मी तिला बायकांसमोर फार बोलू द्यायची नाही. रेश्माला बघून मला वाटलं, हिला कुणी हसायच्या आत हिचं सगळं नीट करून द्यावं. मागच्या खोलीत बसवून, शिकवून, चकाचक करून मग पुढं आणावं. खरंच भलं करत होते मी तिचं, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, माझा पाठ आता कोन लिवनार?"

"तुमच्यातलीच कुणीतरी."

"आमी तिघी एकमेकीचंच ऐकतो. तस्नीमनं लिवलं तवा कळलं तरी, कुटं चुकलं."

"आधी तयार हो, रेश्मा. मग बघू."

ती "बरं" म्हणाली. सोमवारी आली नाही, मंगळवारी नाही, मग आलीच नाही. मी फोनही केला नाही. करीन, करीन म्हणत राहिले.

तुम्ही परत आलात, भिंतीला धरून चालत होतात, आणि खुर्चीत बसायच्या आधी विचारलंत, "रेश्मा कुठाय?" आणि मी म्हणाले, "ऊसतोडीचे दिवस आहेत ना आपा, घरी काहीतरी अडचण असेल." तिच्या घरात ना ऊस, ना कारखान्यात कुणी. पारगाव म्हटलं की साखर कारखाना, म्हणून जे तोंडात आलं ते बोलून गेले. तुम्ही भिंतीवरची यादी बघितलीत. "ही कुणी केली?" मी म्हणाले, "ट्रस्टवाल्यांनी सुचवलं." तुम्ही माझ्याकडं जरा वेळ बघितलंत आणि "बरं" म्हणालात. तुमच्यात तेव्हा बोलण्याचं त्राण नव्हतं, अशी मी माझी समजूत काढली. तुमच्या औषधांच्या वेळा मी सांभाळायचे, तुमची बिनमिठाची खिचडी घेऊन यायचे, जिना चढताना हात द्यायचे. रोज सांगीन म्हणायचे. एकदा तर खिचडीचा डबा उघडता उघडता सुरुवातही केली होती, "आपा, एक सांगायचं होतं." तुम्ही चमचा खाली ठेवून थांबलात. मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परीक्षेच्या तारखा लागणार आहेत." तुम्ही चमचा उचललात.

पंधरा दिवसांपूर्वी, दुपारच्या नमाजानंतर, जानमाजवरच तुम्ही आडव्या झालात, आणि संपलं. भाईजानचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही. 'आता सांगायचं राहिलं' एवढंच डोक्यात आलं. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

आता जियारतीचं. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी बायका कुरआन वाचायला जमल्या. तस्नीमच्या घरी हे असं जमून वाचणं मानत नाहीत, तरी ती आली आणि भिंतीपाशी बसली. तुम्हीच म्हणायचात ना, वाचायचं त्यानं वाचावं, बसायचं त्यानं बसावं, भांडण नको. सिपारे वाटायचं काम माझ्याकडं होतं. कुरआनचे तीस भाग, तीस पुस्तिका, एकेकीला एक. ज्यांना वाचता येत नाही त्या बायका मधल्या ताटाभोवती बसून एकेक चणा बाजूला करत कलमा म्हणतात, हे तर आपल्याकडं ठरलेलंच. मी पेटी घेऊन फिरत होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

तेवढ्यात दारात रेश्मा. बरोबर तिची आई, नेसूचा पदर डोक्यावर. सात महिन्यांनी बघत होते मी तिला. ती माझ्यासमोर येऊन बसली, सलाम केला. आणि माझ्या हातानं काय करावं, आपा? माझ्या हातानं चण्यांचं ताट उचलून तिच्यापुढं सरकवलं. विचार केला नाही, काही ठरवलं नाही. हात आपोआप गेला.

तिनं ताटाकडं बघितलं. ते उचलून आईपुढं ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, मला सिपारा द्या."

पेटीत एकच उरला होता, माझ्यासाठी ठेवलेला. तो मी तिला दिला.

तिला वाचता येत होतं. सावकाश, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, पण येत होतं. मला काही कळेना. तासाभरात बाकीच्यांचे सिपारे मिटायला लागले. एकोणतीस झाले. तिचा निम्माही नव्हता झाला. तुम्हांला ठाऊकच आहे, तीसही पूर्ण झाल्याशिवाय दुआ होत नाही, आणि बाहेर पुरुष दुआसाठी खोळंबले होते, जेवणाची पातेली उतरवून ठेवलेली. आधी कुजबुज, मग खाकरणं. तुमची नणंद म्हणालीच, "अगे, देव ना इधर, मैं फटकन पढ देती." मीही पुढं झुकले होते. माझाही हात निघाला होता तो सिपारा घ्यायला. रेश्मानं मान वर केली नाही, फक्त बोट ओळीवर जरा दाबून धरलं.

तेव्हा तस्नीम भिंतीपासून उठली. मला वाटलं, घेणार. ती रेश्माच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि नुसती ऐकायला लागली. अडलं की हळूच सांगायची, पुढं निघाली की गप्प. मी काय केलं? मी दारापाशी जाऊन पुरुषांना सांगितलं, "अजून वेळ आहे. थांबा." माझ्याकडून एवढंच झालं.

दुआ झाली. परसात हात धुताना मी तिला गाठलं. "रेश्मा, ती यादी माझी होती. आपांची नाही, ट्रस्टची नाही. मी त्यांना खोटं सांगितलं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आपा म्हनल्या व्हत्या."

"कधी?"

"लई दिस झाले. रोज दुपारी फोन करायच्या, नमाज झाली की. माझ्याकडनं वाचून घ्यायच्या. धाप लागायची त्यांना, मी म्हनायची ऱ्हाऊ द्या, तर म्हनायच्या, तुझं तू वाच."

मी कसंबसं विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, शबाना सवताहून सांगंल. तवर तू तिच्यावर रागावू नको." तिनं हात ओढणीला पुसले. "मी रागावलेच पन, मॅडम."

आईचा हात धरून ती निघून गेली. मी नळ चालू ठेवून तशीच उभी होते.

म्हणजे तुम्हांला सगळं माहीत होतं! मी खिचडी घेऊन येत होते, तेव्हाही. चमचा खाली ठेवून थांबलात, तेव्हाही. आपा, मला तुमचा इतका राग आलाय की सांगता सोय नाही. एकदा ओरडायचं होतंत माझ्यावर, नेहमीसारखं! मी दोन दिवस रुसले असते, तिसऱ्या दिवशी पारगावला जाऊन तिला घेऊन आले असते. माझ्यावर भरवसा ठेवून तुम्ही थांबलात, ठीक आहे, तुमचा मोठेपणा. पण त्या थांबण्यात वर्गातलं अर्धं वर्ष तिचं गेलं, तुमचं नाही आणि माझंही नाही. हे तुमचं चुकलंच. माझं जास्त चुकलं, पण तुमचंही चुकलं. तुम्ही असतात तर यावर काय म्हणाला असतात ते मला अजिबात सुचत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

आणि तरीही, धाप लागत असताना तुम्ही रोज दुपारी तो फोन लावत होतात, हे आठवलं की मी राग घेऊन जाऊ कुठं? जे मला करायचं होतं ते तुम्ही गपचूप करत होतात, माझ्या वाटणीचंही.

शोकसभेत ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले की आपांनी जाता जाता वर्गाची इतकी नीट घडी बसवून दिली की आता एक तक्रार येत नाही. भिंतीवरची यादी म्हणजे तुमची आठवण, ती तशीच चालू ठेवू. लोकांनी माना हलवल्या. मी उठले. म्हणाले, "ती यादी आपांची नाही, माझी आहे, आणि ती वाईट आहे. तिच्यापायी एक मुलगी वर्ग सोडून गेली." अध्यक्षांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, आता दुखवट्यात नवीन काही काढू नका." मी त्याच दुपारी यादी उतरवली. हाफिजजी पुन्हा ऑफिसात येऊन गेलेत. तस्नीमचं पुढं काय होईल, मला माहीत नाही. घरी ती काय ऐकून घेते तेही ती सांगत नाही.

रेश्माला मी फोन केला. मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. तिनं उचलला तर तोंडातून निघालं, "रेश्मा, तू परत ये गं. तुझ्याबिगर लई ओकं वाटतंय." आईचीच बोली, आपा. वीस वर्षांनी निघाली. ती म्हणाली, "येते. पन एक हाय. माझ्या पाठाला तुमी बसायचं न्हाई."

सगळ्या सराव पाठांना मी बसते, ते माझं कामच आहे. मी "बरं" म्हणाले.

आज तिचा पाठ होता. मागच्या खोलीत नाही, पुढच्या, पहिलीच्या मुलांसमोर. पूजा वही घेऊन मागं बसली होती. मी दार लोटून घेतलं आणि व्हरांड्यात तपासायच्या वह्या घेऊन बसले. एकही तपासून झाली नाही. आतून तिचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. मग एकदम सगळी मुलं खो खो हसली. ती काय बोलली, कशावर हसली, तिच्यावर हसली की तिच्याबरोबर, मला कळलं नाही. उठून दारापर्यंत गेले, आपा. कडीला हात लावला, आणि परत येऊन बसले.